बाथरूम गळवायचंय? या, शिकवतो

काल माळ्यावरचा डबा उघडला. आईने मे महिन्यात गच्चीवर वाळवलेल्या बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, पुन्हा ओला घाटा (शिजवलेलं पीठ) झाला होता. माळ्याच्या वर आमचं बाथरूम आहे, त्याच मे महिन्यात नवं केलेलं. हे सुख तुम्हालाही लाभावं म्हणून चार युक्त्या.

सगळा पैसा टाइलमध्ये घाला. वॉटरप्रूफिंग पाहुण्यांना दिसत नाही.

जुनी फरशी फोडून निघालेला मलबाच खाली भरा. विटांचे रोडे पाणी पितात आणि स्लॅबला महिनोन् महिने सावकाश पाजत राहतात.

फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, उतार? नको. पाण्याला नहाणीच्या जाळीची घाई कशाला?

वॉटरप्रूफिंगचं केमिकल कसं मारायचं, हे मात्र नीट ऐका. भर दुपारी, जळगाव पंचेचाळीसला टेकलेलं असताना, तापलेल्या कोरड्या कोब्यावर, म्हणजे टाइलखालच्या सिमेंटच्या थरावर, मारायचं. आधी कोबा ओला करायचा नाही. मग तो केमिकलमधलं पाणी ओढून घेतो आणि थराची भुकटी होते. ज्या उन्हात बिबडे दिवसात कडक होतात, त्यात केमिकलही 'लवकर वाळतं', मिस्तरी खूश! एकच हात मारा. दुसरा हात आडवा मारायचा असतो, पण त्यासाठी पहिला सुकेपर्यंत थांबावं लागतं, आणि मिस्तरीला दुसरी साइट असते. भिंत आणि जमीन मिळते तिथे सिमेंटचा गोलसर वाटा मारू नका. थर भिंतीवर फूटभर चढवू नका, शॉवरखाली डोक्यापर्यंत तर मुळीच नको. नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे पाणी जायच्या भोकाच्या, गळ्याशी हात पोचत नाही, सोडून द्या. मी विचारलं होतं. उत्तर मिळालं, "काही होत नाही ना भो!"

प्लंबरला पाइपांसाठी भिंतीत झिऱ्या (खाचा) मारायला केमिकल झाल्यावरच बोलवा.

आणि टाइल बसवण्याआधी पाणी भरून ठेवायची चाचणी? नळाला चार दिवसांनी पाणी, ते दोन दिवस बाथरूममध्ये कोंडून ठेवायचं? मीही हेच म्हणालो. मीच!

अहो, नहाणीला बोळा मारून दोन इंच पाणी भरायचं, भिंतीवर खूण करायची, अठ्ठेचाळीस तास दार लावून घ्यायचं आणि खालून छत बघायचं. एवढंच होतं. टँकर मागवला असता तरी परवडलं असतं. टाइल आणि जोडातलं सिमेंट पाणी अडवत नाही, अडवतो तो खालचा थर. तो फाटका असेल तर वर संगमरवर लावा नाहीतर सोनं. आणि आता तोच मिस्तरी म्हणतो, "व्हाइट सिमेंटने टाइलमधल्या दर्जा भरून देतो." कशात भरतोस? पाणी टाइलच्या खाली साचलंय! पुन्हा सगळं फोडावं लागणार आहे, कोब्यापर्यंत. तुम्ही हसताय ना? तुमच्या हॉलच्या छताला परवा तो पिवळट डाग दिसला होता, त्यावर पुट्टी मारून रंग दिलात. मला दिसलं नाही असं समजू नका.