सनरूफच्या कोपऱ्यातली भोकं बुजवू नका

पावसाळा तोंडावर आला की ‘सनरूफवाल्यांनी जरूर वाचा, कंपन्या हे सांगत नाहीत’ असा एक संदेश फिरायला लागतो. या वेळी तो घरच्या ग्रुपवर आला, आणि तो वाचून धाकट्या मामांनी सिलिकॉनची ट्यूब आणि एम-सीलचं पाकीट आणूनही ठेवलं. म्हणून हे उत्तर, तेही घाईने.

संदेशाचं म्हणणं थोडक्यात असं. सनरूफ म्हणजे गाडीच्या छतातली सरकती काच; तिच्याभोवतीचं रबर हलक्या प्रतीचं असतं म्हणून ते गळतं. काच उघडल्यावर कोपऱ्यांत जी भोकं दिसतात तिथून पाणी आत येतं, ती बुजवून टाका. काचेच्या कडेने सिलिकॉन फिरवा. रुळांत भरपूर ग्रीस भरा. काच अर्ध्यातून परत फिरली तर हाताने ढकला. आता सेन्सर असतो, त्यामुळे मुलं उघड्या सनरूफमधून वर उभी राहिली तरी धोका नाही. आणि शेवटी, उन्हाने काच आपोआप फुटते.

आधी भोकांचं बोलू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं.

ती भोकं पाणी बाहेर जायला ठेवलेली आहेत. सरकत्या काचेचं रबर शंभर टक्के पाणी अडवेल असं कोणी धरलेलंच नसतं. काच खाली उतरून छताखाली सरकायची असेल तर रबर कडेला घट्ट चिकटून चालत नाही. म्हणून पाण्याचा मोठा लोंढा, वारा आणि आवाज अडवायचं काम रबराकडे असतं, आणि त्यातूनही जे झिरपेल ते झेलायला काचेखाली चारही बाजूंनी एक उथळ पन्हळ फिरवलेली असते. पन्हळीच्या कोपऱ्यांतून नळ्या निघतात. पुढच्या दोन विंडशील्डच्या बाजूच्या खांबांतून, म्हणजे ए-पिलरमधून उतरतात आणि दाराच्या बिजागरीपाशी किंवा फेंडरच्या आत सुटतात. मागच्या दोन मागच्या खांबांतून उतरून चाकाजवळ किंवा बंपरमागे सुटतात. कौलारू घराची पन्हळ गळते म्हणून तिचं तोंड कोणी सिमेंटने लिंपत नाही. हे तसंच आहे.

‘एवढ्याशा नळीने काय होणार’ असंही त्या संदेशात आहे. हिशेब करून पाहा. काच ८० सेंमी बाय ५० सेंमी धरा, म्हणजे ०.४ चौरस मीटर. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला होता. तो सगळा या काचेवर पडला आणि एकही थेंब छतावरून ओघळून न जाता सगळाच्या सगळा आत झिरपला, असं अशक्य गृहीत धरलं तरी दिवसभरात सुमारे ३७८ लिटर होतात, म्हणजे मिनिटाला २६० मिलिच्या आसपास. त्या दिवशीचा बराच पाऊस थोड्या तासांत कोसळला, म्हणून तासाला १०० मिमी धरू. तरी मिनिटाला ६७० मिलि, आणि चार नळ्यांत वाटून प्रत्येकीला १७०. साधारण ८ मिमी आतल्या मापाची मोकळी नळी मिनिटाला अर्धा लिटर सहज नेते. प्रत्यक्षात तर काचेवरचं बहुतेक पाणी आतमध्ये येतच नाही.

आता भोकं बुजवल्यावर काय होतं ते पाहा. पन्हळीची लांबी २.६ मीटर, रुंदी ४ सेंमी आणि खोली १ सेंमी धरली तर तिच्यात लिटरभर पाणी मावतं. त्यानंतरचं पाणी आतली कड ओलांडून छताला आतून लावलेल्या कपड्यावर जातं. पहिली खूण म्हणजे सिग्नलला ब्रेक मारला की छतातल्या पुढच्या दिव्याच्या कन्सोलमधून डोक्यावर धार येते. मग ए-पिलरच्या प्लास्टिकवर तपकिरी ओघळ दिसतात. याच बाजूंना छताच्या कडेने कर्टन एअरबॅग (धडकेत खिडकीवर पडद्यासारखी उघडणारी) आणि तिच्या वायरी असतात. तिथून पाणी पायाखाली उतरतं आणि कार्पेटखालच्या जाड फोममध्ये मुरतं. वरून कार्पेट वाळल्यासारखं वाटतं, पण फोम कित्येक दिवस ओलाच राहतो. बऱ्याच गाड्यांत फ्यूज बॉक्स, बीसीएम (लॉक, दिवे, वायपर सांभाळणारा कंट्रोलर) आणि वायरिंगचे जोड डॅशबोर्डच्या खालच्या भागात, पावलांच्या बाजूला असतात. तिथे हिरवट गंज चढला की सेंट्रल लॉक आपोआप उघडणं, वायपर मधेच चालू होणं असे प्रकार सुरू होतात, आणि त्याचा सनरूफशी संबंध आहे हे कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही.

संदेशातली अर्धी गोष्ट खरी आहे, तेवढी मान्य करायला हवी: पाणी त्या कोपऱ्यांतूनच आत येताना दिसतं. पण ते भोकामुळे येत नाही, भोक तुंबल्यामुळे येतं. गाडी झाडाखाली उभी राहिली की गुलमोहराची बारीक पानं, कडुलिंबाचा मोहर, शेवग्याची फुलं पन्हळीत पडतात. त्यात धूळ मिसळून काळा चिखल होतो आणि तो नळीच्या तोंडात बसतो. खालच्या टोकाला किडे आत येऊ नयेत म्हणून रबराची चिमटलेली टोपी असते, तिथे खालून उडालेला रस्त्याचा चिखल सुकून तिचे ओठ चिकटतात. आणखी एक कारण हमखास विसरलं जातं. विंडशील्ड बदलताना किंवा छताचा कपडा काढून परत लावताना नळी दुमडली जाते किंवा तोंडावरून निसटते. ‘आधी कधी गळत नव्हती, त्या कामानंतर गळायला लागली’ असं असेल तर आधी हेच तपासा.

तपासणी दहा मिनिटांची आहे. गाडी सपाट जागी उभी करा, काच पूर्ण उघडा, पन्हळ ओल्या फडक्याने पुसून घ्या. एका कोपऱ्यात १०० मिलि पाणी हळूहळू ओता. काही सेकंदांत गाडीखाली त्या बाजूला सरळ धार दिसली पाहिजे. थेंबथेंब येत असेल तर अर्धवट तुंबली आहे. पाणी जागेवरच उभं राहिलं तर पूर्ण तुंबली आहे. पाणी उतरलं पण खाली कुठेच आलं नाही, तर नळी आत कुठेतरी सुटली आहे. अशा वेळी ओतणं थांबवा आणि कार्पेटखाली हात घालून पाहा. असंच उरलेल्या कोपऱ्यांत करा.

सफाईला लोखंडी तार नको. तिचं टोक नळीला भोक पाडतं आणि ते भोक खांबाच्या आत असतं. ग्रासकटरची २ मिमीची नायलॉन दोरी दीड-दोन मीटर घ्या, टोक लायटरने किंचित वितळवून गोल करा आणि हलक्या हाताने फिरवत आत सोडा. अडली तर ढकलू नका, मागे घेऊन परत फिरवा. मग कोमट पाणी सोडा. खालची रबरी टोपी हाताला लागत असेल तर बोटांनी चिमटून ओठ मोकळे करा. वॉशिंग सेंटरवर कॉम्प्रेसरचा पाइप थेट भोकात लावतात, ते करू देऊ नका. बऱ्याच गाड्यांत नळी तोंडावर नुसती दाबून बसवलेली असते. सात-आठ बारची हवा तिला एका झटक्यात उडवते आणि मग छताचा कपडा उतरवल्याशिवाय ती परत बसत नाही.

काचेच्या कडेने सिलिकॉन फिरवायचा सल्ला दुसऱ्या क्रमांकाचा घातक आहे. काच उघडताना आधी तिची मागची कड वाकड्या खाचेतून खाली उतरते, मग ती छताखाली मागे जाते. हे काम मोटरच्या छोट्या गिअरच्या दोन बाजूंना धरलेल्या दोन केबली करतात. पोलादी तारेवर दुसरी तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, तिचे वेढे हेच तिचे दाते. दोन्ही केबली एकाच वेळी, एकाच मापाने सरकल्या तर काच सरळ जाते. आता कड सिलिकॉनने छताला चिकटली आणि कोणी सवयीने बटण दाबलं, तर मोटर ओढते आणि सगळ्यात कमकुवत भाग तुटतो, म्हणजे खाचेतला पिन धरणारा प्लास्टिकचा गाईड शू. नाहीतर एका बाजूची केबल दाता सोडते आणि काच तिरकी अडकते. हा शू अनेकदा सुटा मिळत नाही, अख्खी चौकट बदलावी लागते. शिवाय बाजारात मिळणारं आंबट वासाचं सिलिकॉन सुकताना अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सोडतं. छताच्या कापलेल्या कडेवर रंगाला चरा असेल तर तिथून गंज धरतो.

रबर खरंच थकलं असेल तर? थकतं, वर्षांनुवर्षं दबून चपटं होतं. पण त्याची पहिली तक्रार बहुधा वाऱ्याच्या शिट्टीची असते. त्याआधी काचेची उंची पाहा. बऱ्याच गाड्यांत पुढची कड छताच्या बरोबरीने किंवा १ मिमीपर्यंत खाली, आणि मागची कड बरोबरीने किंवा १ मिमीपर्यंत वर असावी लागते. हे कडेच्या टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या आकाराची खाच असलेल्या, स्क्रूंनी जुळवता येतं. नवं रबर मागवण्याआधी एवढं केलं तरी पुष्कळदा काम भागतं. सीलंट योग्य ठरेल अशी एकच जागा आहे: मोठ्या पॅनोरमिक छतांत चौकटीला कोपऱ्यात चीर गेली किंवा चौकट आणि छत यांच्यातला चिकटवलेला जोड सुटला तर. ते काम छताचा कपडा उतरवून आतून करायचं असतं, वरून ट्यूब फिरवून नाही.

ग्रीसचं दोन वाक्यांत. जाड ग्रीस धूळ धरतं आणि रुळात सँडपेपरसारखी लापशी होते. पेट्रोलियमचं तेल किंवा स्प्रे काचेभोवतीच्या ईपीडीएम जातीच्या रबराला फुगवतो, म्हणून रूळ कोरड्या फडक्याने पुसा आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलं वंगणच पातळ थरात लावा.

काच अर्ध्यातून परत फिरते तेव्हा ती बिघडलेली असेलच असं नाही. मोटरमधला सेन्सर फेरे मोजत असतो. रुळात कचरा किंवा सुकलेलं रबर यामुळे ओढ वाढली की कंट्रोलरला काहीतरी अडकलं असं वाटतं आणि तो काच मागे घेतो. बॅटरी काढून लावली असेल तर तो काचेच्या जागा विसरतो. मग पुस्तिकेत दिल्याप्रमाणे बटण ठरावीक दिशेने, बहुतेक गाड्यांत दहा सेकंद किंवा जास्त, दाबून धरून काचेला जागा परत शिकवाव्या लागतात. हाताने ढकलणं सगळ्यात वाईट. मोटरचा वर्म गिअर उलटा फिरत नाही, त्यामुळे तुमचा सगळा जोर केबलच्या दात्यांवर येतो. पावसात उघडी अडकलीच तर पुष्कळ गाड्यांत दिव्याच्या कन्सोलमागे मोटरला षटकोनी खाच असते, तिथे अ‍ॅलन की घालून काच बंद करता येते.

आणि याच सेन्सरच्या भरवशावर मुलांना वर उभं करा असं तो संदेश म्हणतो. हे वाचून राग येतो. त्या सेन्सरला डोळे नसतात. काच कशाला तरी टेकून दाब वाढला की मगच त्याला कळतं. किती दाब? अमेरिकेचा एफएमव्हीएसएस ११८ हा वाहन-सुरक्षेचा नियम पॉवर विंडो आणि छताच्या सरकत्या काचांसाठीच आहे. त्यात ४ मिमी ते २०० मिमी जाडीच्या दांड्या मधे ठेवून चाचणी करतात, आणि दाब १०० न्यूटनपुढे जाण्याआधी काच परत फिरली पाहिजे अशी अट आहे. युरोपच्या आर-२१ नियमातही मर्यादा तीच आहे. १०० न्यूटन म्हणजे सुमारे १० किलोचं वजन. एवढा भार तीन वर्षांच्या मुलाच्या मानेवर क्षणभर येणंसुद्धा या नियमात बसतं. ४ मिमीपेक्षा कमी फट उरली की चाचणीच लागू होत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चावी चालू असताना बटण दाबून धरलं तरच बंद होणाऱ्या काचेला परत फिरण्याची सक्ती त्या नियमात नाही. बऱ्याच गाड्यांत बटण दाबून धरलं की सेन्सर बाजूला ठेवून काच बंद होते, कारण बर्फ किंवा कचरा अडकल्यावर तशी सोय लागते. आणि बॅटरी काढल्यावर जागा शिकवल्या नसतील तर हे संरक्षण चालू असेलच याची खात्री नाही. ब्रेकच्या झटक्याचं तर अजून बोललोच नाही, तिथे कोणताच सेन्सर उपयोगाचा नाही.

काच आपोआप फुटण्याबद्दल: नुसत्या उन्हाने टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेली, काच फुटत नाही. पण काचेत बनवतानाच राहिलेल्या निकेल सल्फाइडच्या कणामुळे किंवा कडेला बसलेल्या टवक्यामुळे ती नंतर कधीतरी फुटू शकते, हे खरं. २०१२ मॉडेलच्या ह्युंदाई व्हेलोस्टरच्या सुमारे १३,५०० गाड्या अमेरिकेत काच फुटण्याच्या धोक्यामुळे परत मागवल्या गेल्या. त्यांच्या पॅनोरमिक काचा कारखान्यात बसवतानाच कमकुवत झालेल्या असू शकत होत्या. कडेला टवका दिसला तर काच बदला, एवढंच.

ज्यांनी संदेश वाचून काम उरकलंही आहे, त्यांच्यासाठी. सगळ्यात आधी सनरूफचा फ्यूज काढून ठेवा, म्हणजे घरातलं कोणी चुकून बटण दाबणार नाही. कडेचं सिलिकॉन बारीक मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याने करवतीसारखं कापत चारही बाजूंनी सोडवा. लोखंडी पातं लावू नका, रंग जाईल. काच सगळीकडून मोकळी हलते याची खात्री झाल्यावरच फ्यूज लावा आणि थोडी थोडी उघडा. भोकातलं सिलिकॉन पूर्ण सुकू द्या, मग चिमट्याने धरून वर ओढा. आत ढकललंत तर ते खांबाच्या मध्यावर जाऊन बसेल. एम-सील भरलं असेल तर ड्रिल घेऊन बसू नका, पन्हळीचं प्लास्टिकचं तोंड तडकतं. छताचा कपडा उतरवून नळी सोडवणाऱ्या मेकॅनिककडे गाडी न्या, आणि परत घेताना प्रत्येक कोपऱ्यात १०० मिलि पाणी स्वतः ओतून खाली धार पडते का ते पाहा.