शंका घेण्याची मोकळीक

टोरांटोतल्या ज्या चर्चमध्ये मी गेली अकरा वर्षे जाते, तिथे रविवारच्या उपासनेला हल्ली पस्तीस-चाळीस माणसे असतात आणि शनिवारी तळघरात वाढल्या जाणाऱ्या मोफत जेवणाला दीडशेच्या वर. शनिवारी माझ्याकडे कांदे आणि गाजरे चिरण्याचे काम असते. शेजारी बसून बटाटे सोलणाऱ्या, ऐंशी पार केलेल्या एक बाई एकदा सहज म्हणाल्या, की मेल्यानंतर काही असते असे त्यांना आता वाटत नाही, येशू मेलेल्यांतून उठला हेही त्या शब्दशः मानत नाहीत, पण शनिवार चुकवणे त्यांना जमत नाही. हे बोलताना त्यांचा हात थांबला नाही की आवाज खाली आला नाही. चार हातांवर आमचे पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, पातेली विसळत होते आणि त्यांनाही ते ऐकू गेले असणार. मिरजेत वाढलेल्या मला त्या बाईंच्या मतापेक्षा त्यांच्या आवाजाचे जास्त नवल वाटले.

आमचे चर्च ‘युनायटेड चर्च ऑफ कॅनडा’ या पंथाचे आहे. मेथडिस्ट, काँग्रिगेशनल आणि बहुसंख्य प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट मंडळ्यांनी, म्हणजे चर्चसमुदायांनी, 1925 साली एकत्र येऊन तो स्थापन केला. या पंथाने 1936 मध्ये स्त्रीला पाळकपदाची दीक्षा दिली आणि 1988 मध्ये समलिंगी व्यक्तींनाही ते पद खुले असल्याचा निर्णय घेतला. त्या निर्णयावरून अनेक मंडळ्या फुटल्या. याच टोरांटोत ग्रेटा वॉस्पर नावाच्या पाळकबाई स्वतःला उघडपणे नास्तिक म्हणवू लागल्या. 2016 मध्ये चौकशी समितीने त्यांना पदासाठी अयोग्य ठरवले, 2018 मध्ये समेट झाला आणि त्या आपल्या मंडळीतच पाळक म्हणून राहिल्या. नास्तिक पाळक ठेवणारे चर्च म्हणजे पाणी न विकणारा पाणपोईवाला, अशी थट्टा मी स्वतःही केली आहे. (पाणपोईत पाणी विकत नाहीत, ते फुकटच असते, हे माझ्या मागाहून लक्षात आले आणि थट्टा माझ्यावरच उलटली.)

या उदारपणाने चर्च भरली असे मात्र झालेले नाही. 2011 मध्ये कॅनडातील 67 टक्के लोकांनी आपण ख्रिस्ती असल्याचे सांगितले होते. 2021 च्या जनगणनेत ते प्रमाण 53 टक्क्यांवर आले आणि ‘कोणताही धर्म नाही’ म्हणणारे 24 वरून जवळपास 35 टक्के झाले. कर्मठ मंडळी म्हणतात, सिद्धान्त पातळ केलेत म्हणून लोक गेले. मला ते पटत नाही, कारण सिद्धान्त घट्ट धरणाऱ्यांचीही बाके इथे रिकामी होत आहेत. पण लोक का गेले, यापेक्षा जे उरले ते कशाला उरले, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो, आणि त्याचे उत्तर मला त्या तळघरात मिळते.

या पंथाची मला सर्वांत मोठी वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. कॅनडाच्या मूळ रहिवाशांची दीड लाखाहून अधिक मुले शंभरावर वर्षांच्या काळात आईबापांपासून तोडून निवासी शाळांत ठेवली गेली, त्यांची भाषा आणि नावे काढून घेतली गेली, आणि त्या शाळा सरकारच्या पैशांवर चालवणाऱ्या चर्चांत हा पंथही होता. मूळ रहिवाशांवर आपली संस्कृती लादल्याबद्दल त्याने 1986 मध्ये आणि शाळांबद्दल 1998 मध्ये जाहीर क्षमा मागितली. सेवा, शिक्षण, औषधपाणी, करुणा हे सगळे शब्द त्या शाळांच्या अहवालांतही होते. ज्या करुणेला समोरचा माणूस बदललेलाच हवा असतो, ती करुणा कुठवर जाऊ शकते, हे मला इथे येऊन कळले.

आणि मग माझे मन मिरजेकडे वळते. डॉ. विल्यम वानलेस हे कॅनडातलेच. त्यांनी 1894 साली मिरजेत मिशनचे रुग्णालय उभे केले आणि त्यांच्या नावाची वानलेसवाडी आजही सांगली-मिरज रस्त्यावर आहे. माझी आजी त्या रुग्णालयात आया होती. प्रसूतीच्या वॉर्डात लिंगायत, जैन, मुसलमान, मराठा अशा सगळ्या घरांतल्या बायका तिने हाताळल्या आणि त्यांतल्या एकीनेही धर्म बदलला नाही, हे ती थोड्या अभिमानाने सांगायची. तरी मिशनऱ्यांच्या मनात आत्मे जिंकण्याचा हेतू नव्हताच, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. हेतू होता. वॉर्डात सकाळी प्रार्थना होत असे. पण उपचार त्या प्रार्थनेवर अवलंबून नव्हते, आणि निवासी शाळा आणि मिरजेचा वॉर्ड यांतला माझ्या दृष्टीने खरा फरक तो आहे.

गावाकडे सध्या जो वाद चालू आहे त्यात हा फरक कोणाला ऐकायचा नाही. 2025 मध्ये सांगलीत सक्तीच्या धर्मांतराच्या आरोपावरून मोर्चे निघाले आणि राज्यात धर्मांतरविरोधी कायद्याची चर्चा पेटली. फसवून किंवा धाक घालून कोणाचा धर्म बदलणे हा गुन्हाच असला पाहिजे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. धर्मप्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्येच सांगून ठेवले आहे. पण प्रत्येक प्रार्थनेकडे संशयाने पाहिले जाऊ लागले, की त्या समाजाचे आतून काय होते, हे मोर्चे काढणाऱ्यांना दिसत नाही, आणि दूर बसून प्रगतिशील लेख लिहिणाऱ्या माझ्यासारख्यांनाही फारसे दिसत नाही.

गेल्या वर्षी आत्याशी फोनवर बोलताना मला ते दिसले. मी तिला क्षमायाचनेविषयी सांगत होते आणि म्हणाले, की आपल्या मराठी मंडळीनेही काही गोष्टी कबूल करायला हव्यात. माझ्या लहानपणी आमच्याकडच्या एका देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पूर्वाश्रमीच्या महार आणि मांग घरांची बाके ठरलेली असत. प्रभुभोजनाचा, म्हणजे उपासनेत सर्वांनी वाटून घ्यायच्या द्राक्षरसाचा, प्याला आधी कोणाकडे जातो यावरून झालेली भांडणे मी पाहिली आहेत. 1924 मध्ये साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींची मुले एका छताखाली, एका पंगतीत आणली. त्यानंतर पन्नास वर्षांनीही आमच्या मंडळीला एक प्याला जमत नव्हता. आत्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “बाय, तू म्हणतीस ते खरं हाय. पण आत्ता लिहू नगं. ते म्हणतील, बघा, ह्यांच्यात बी जात हाय, मग गेले कशाला.”

या एका वाक्यात मला दोन देशांतले अंतर मोजून मिळाले. शिवाय आत्याची भीती कायद्याच्या पातळीवरही खरी आहे. अनुसूचित जातींविषयीच्या 1950 च्या आदेशात आधी फक्त हिंदू होते, 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुसलमान अद्याप बाहेर आहेत. म्हणजे धर्म बदलताच जात संपली असे कायदा मानतो आणि जात संपलेली नाही असे आमची बाके सांगत होती. हे जाहीर बोलावे तर विरोधकांच्या हाती कोलीत, न बोलावे तर सवलतीच्या मागणीचा पुरावाच आपण झाकून ठेवतो.

आपल्याकडचे ख्रिस्ती लोक जुनाट आहेत, शब्दशः बायबल मानतात, शंकेला जागा देत नाहीत, अशी टीका इथले माझे प्रगतिशील मित्र करतात, आणि पूर्वी मीही करत असे. आता मला वाटते, की मोठ्याने शंका घेणे ही सुरक्षित माणसाची मोकळीक आहे. बटाटे सोलणाऱ्या त्या बाईंच्या दारावर कोणी येणार नाही. त्यांचे चर्च चुका कबूल करू शकते, कारण त्या कबुलीने त्याचे छप्पर जात नाही. ज्यांना आपण इथलेच आहोत हे रोज सिद्ध करावे लागते, त्यांनी पुनरुत्थानाच्या अर्थावर खुली चर्चा घडवावी, ही अपेक्षा मला आता निर्दय वाटते.

तरी आमच्याकडे हे कोणी केलेच नाही असे नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. 1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तशिष्यांना जागा होती. बाप्तिस्मा मोजणाऱ्या मिशनला ते सहज पचण्यासारखे नव्हते. दोनच वर्षांत, 1919 मध्ये, टिळक गेले आणि दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. पण ज्या प्रश्नावर टोरांटोला 2018 मध्ये समेट करावा लागला, म्हणजे चर्चमध्ये कोणाला जागा आहे, त्या प्रश्नाला साताऱ्यात शंभर वर्षांपूर्वी हात घातला गेला होता, आणि तोही मिशनच्या पैशांवर न विसंबता. डोकी मोजायचीच नाहीत असे ठरवलेल्या माणसाला धर्मांतराचा आकडा विचारून उपयोग नसतो. आज कायदा मागणारे आणि वार्षिक अहवालात बाप्तिस्म्यांची संख्या छापणारे, दोघांचीही त्याने पंचाईत केली असती.

आत्याचे न ऐकता मी हे लिहिले आहे, आणि ते इथून लिहिणे सोपे आहे याची मला जाणीव आहे. गेल्या मे महिन्यात मी मिरजेला गेले, तेव्हा तिच्या घरी बुधवारची प्रार्थना होती. आठ माणसे होती, उकाडा असह्य होता, तरी खिडक्या लावून घेतलेल्या होत्या. टिळकांचे भजन म्हटले गेले. पेटी होती, पण टाळ आत्याने कपाटातून काढलेच नाहीत. आवाज गल्लीत जातो, म्हणाली.