तारेचा ताण आणि सेन्सर : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

तारांऐवजी सेन्सर लावलेल्या पट्ट्यांवर वाजणाऱ्या, तार नसलेल्या गिटारीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘तारेचा ताण बोटाला कळतो, सेन्सरला काय कळणार? ज्यांना वाजवता येत नाही त्यांचे हे उद्योग. शिवाय विलंब, घामेजलेली बोटं, किंमत, दिसणं...’

मतभेद असू द्या. पण मला वाजवता येत नाही, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? मी तारांवरच शिकलो. बोटांची टोकं सोलवटेपर्यंत बार कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबून धरायचे स्वरमेळ) धरलेत, ऑर्केस्ट्रात रात्ररात्र उभा राहिलोय. टोपणनावाआडून दुसऱ्याची लायकी काढायची, ही कुठली रीत?

घामाचा मुद्दा मान्य. कपॅसिटिव्ह, म्हणजे मोबाइलच्या पडद्यासारखी स्पर्श ओळखणाऱ्या पट्टीला ओलं बोट आणि कोरडं बोट सारखं भासत नाही. कितपत संकेताला स्पर्श मानायचं ती मर्यादा मधूनमधून नव्याने ठरवावी लागते.

आता ताण. तार ओढली की ताण वाढतो, स्वर चढतो आणि बोटाला विरोध जाणवतो. तो विरोध देणं हे सेन्सरचं काम नाहीच. ते त्याच्याभोवतीच्या रबराचं किंवा स्प्रिंगचं. मी प्रत्येक पट्टी लवचिक आधारावर बसवतो आणि तिला छोटं चुंबक लावतो. बोटाने पट्टी आडवी ओढली की चुंबक सरकतं, हॉल सेन्सर ते मोजतो आणि तो आकडा पिचबेंडला, म्हणजे स्वर चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या संदेशाला, जातो. दाब मोजणारा एफएसआर हा सेन्सर इथे मुद्दामच वापरलेला नाही, त्याची मोजणी तेवढी नेमकी नसते. मिडी ही इलेक्ट्रॉनिक वाद्यांची आपसातली संदेशांची भाषा; तिच्या पिचबेंडला 16,384 पायऱ्या असतात. दोन सेमीटोन (लगतच्या दोन स्वरांमधलं अंतर) वर आणि दोन खाली एवढ्या पट्ट्यात त्या कानाला सुट्या कळतच नाहीत. प्रत्येक ‘तारे’ला स्वतंत्र मिडी चॅनेल (संदेशांची वेगळी वाट) दिला की एक ओढताना बाकीच्या पाच हलत नाहीत. हे सगळं लेखात होतं. वाचलंत का?

विलंबाचं, म्हणजे छेडल्यापासून आवाज येईपर्यंतच्या वेळेचं, तर उलटंच आहे. तारेची गिटार सिंथला (इलेक्ट्रॉनिक आवाज काढणाऱ्या यंत्राला) जोडली की आधी स्वर ओळखावा लागतो. खालच्या ई तारेची कंपनं सुमारे 82 हर्ट्‌झ, म्हणजे एक आवर्तन 12 मिलिसेकंदांचं, आणि ओळख पटायला एखाददुसरं आवर्तन जावंच लागतं. माझ्या फ्रेटबोर्डला (डाव्या हाताची बोटं पडतात त्या पट्टीला) मात्र बोट कुठे आहे ते आघाताआधीच ठाऊक असतं. पुढे नोटचा संदेश मिडीच्या जुन्या केबलवरूनही 1 मिलिसेकंदाच्या आत जातो.

किंमत आणि दिसणं सोडून देतो.

बोट ठेवायचंच होतं तर उजव्या हातावर ठेवायचं होतंत. आघाताचा जोर पायझो हा कंपनं टिपणारा सेन्सर मोजतो, पण तळहाताने तार अर्धवट दाबून वाजवलेला तो बुजका आवाज अजून मनासारखा जमत नाही. त्यावर काही सुचत असेल तर जरूर लिहा.