जी६पीडी आणि वालाची उसळ

"जी६पीडी कमी असलेल्या मुलाला डाळी, वाल, राजमा आयुष्यभर बंद. पॅरासिटामॉल विष. मुलींना हा आजार होतच नाही. टेस्ट नॉर्मल आली की निर्धास्त राहा." जी६पीडी म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम; काही मुलांत ते जन्मतःच कमी असतं. पालकांच्या ग्रुपांवर फिरणाऱ्या या मेसेजमुळे मुलांच्या ताटातली डाळ जाते आणि खरा धोका कपाटात तसाच राहतो.

डाळीचं आधी. त्रास देतो तो बाकला, म्हणजे फावा बीन. त्यातल्या व्हायसिन आणि कॉनव्हायसिनपासून पोटात तयार होणारी द्रव्यं तांबड्या पेशींवर ऑक्सिडेशनचा मारा करतात. तांबड्या पेशीत ना केंद्रक, ना मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे बचावाची दुसरी सोय नाही. या माऱ्यात तिला तारतं ग्लुटाथायोन हे पेशीतलं संरक्षक द्रव्य, आणि ते पुन्हा ताजं करायला लागणारी रसद जी६पीडीवाटेच येते. हे एन्झाइम अपुरं पडलं की पेशी फुटते. आपला वाल किंवा पावटा ही वेगळीच वनस्पती. 'बीन' या शब्दाने सगळा घोळ केलाय. तूर, मूग, राजमा बंद करायला काहीच आधार नाही.

कपाटातला धोका म्हणजे डांबरगोळ्या, त्यातलं नॅफ्थलीन. गोळ्यांत ठेवलेली दुपटी, स्वेटर बाळाला थेट घालू नका. घरात त्या नसलेल्याच बऱ्या.

पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, नेहमीच्या मात्रेत चालतं. टाळायची ती प्रायमाक्विन, डॅप्सोन, रास्बुरिकेज, नायट्रोफ्युरँटॉइन, मिथिलीन ब्लू. व्हायवॅक्स मलेरियात प्रायमाक्विनचा 14 दिवसांचा कोर्स सुरू करण्याआधी जी६पीडी तपासायलाच हवं. या दोषाच्या एका प्रकाराचं नावच 'केरळ-कल्याण' आहे, त्यामुळे हे परक्या मुलखातलं दुखणं समजू नका.

मुलींचं म्हणाल तर जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलाकडे एकच एक्स, म्हणून दोष उघडा पडतो. मुलीकडे दोन, पण प्रत्येक पेशीत त्यातलं एकच काम करतं. त्यामुळे काही पेशी सशक्त, काही दुबळ्या. दुबळ्या जास्त असतील तर तिलाही अटॅक येतो, म्हणजे तांबड्या पेशी भराभर फुटतात. फक्त 'कमी' की 'नॉर्मल' एवढंच सांगणारी साधी स्पॉट टेस्ट अशी मधली पातळी सहज चुकवते. नेमका आकडा देणारी क्वांटिटेटिव्ह टेस्ट मागा.

आणि अटॅक चालू असताना केलेली टेस्ट तर फसवू शकते. जुन्या, दुबळ्या पेशी फुटून गेलेल्या असतात. उरलेल्या कोवळ्या पेशींत एन्झाइम जास्त असतं, म्हणून रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. साधारण 3 महिन्यांनी पुन्हा करा.

नवं औषध सुरू केल्यावर 1 ते 3 दिवसांत लघवी काळ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे पडले, मूल पांढरंफटक दिसू लागलं, तर पुढचा डोस देऊ नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि औषधाची स्ट्रिप सोबत न्या.