आधी भिंती बघा
घरच्या वाय-फायवरच्या लेखात ‘रेंज नाही तर सरळ नवा राऊटर घ्या’ म्हटलंय, ते अर्धंच खरं. आमच्या कोकणातल्या चिऱ्याच्या भिंतींतून वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झचा बँड (वेगवान, पण भिंतीत अडकणारा) माजघरापर्यंत पोचला तरी नशीब! वाय-फाय ६, म्हणजे पुढच्या पिढीचं वाय-फाय, आणलं तरी भिंत तीच. प्लगमध्ये खोचायचा स्वस्त रिपीटर (सिग्नल पुढे पाठवणारा डबा) एकाच बँडवर सिग्नल घेतो-देतो, म्हणून वेग साधारण निम्म्यावर येतो. त्यात लोक तो नेमका रेंज मेलेल्या खोलीतच लावतात. लावायचा असतो अर्ध्या वाटेवर. त्यापेक्षा मागच्या खोलीत लॅन केबल (नेटवर्कची तार) ओढा, जुना राऊटर तिथे ॲक्सेस पॉइंट करा, म्हणजे केबलवरून आलेलं नेट तो तिथे वाय-फायने देईल. त्याचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बदला, डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणं) बंद करा आणि केबल वॅनच्या (बाहेरचं नेट येतं त्या) नव्हे, लॅनच्या पोर्टात घाला. जुन्या राऊटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचे आणि नेटचा प्लॅन ३०० चा असेल, तर मात्र नवाच घ्या बुवा.