बाकावर बसून राहिलेला एंटर

एकतीस वर्षे बँकेत रोखपालाच्या खिडकीमागे काढल्यावर सी ही संगणकाची भाषा शिकण्याचा निर्णय मी स्वतःच घेतला, त्यामुळे पुढील हकिकतीत दोष द्यायला दुसरे कोणी नाही. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये घडवलेली ही भाषा माझ्याहून वयाने लहान आहे, तेव्हा ती माझे ऐकेल, असा माझा भाबडा समज होता.

पहिला मोठा प्रोग्राम अर्थातच व्याजाचा लिहिला. मुद्दल, दर आणि मुदत विचारून तो व्याज बिनचूक सांगे. मग 'आणखी एक हिशेब करायचा का? हो असल्यास वाय, नसल्यास एन' असे नम्रपणे विचारी आणि मी बोट उचलायच्या आत बंद पडे. प्रश्न विचारायचा आणि उत्तर न ऐकताच निघून जायचे, हे वर्तन मी आजवर फक्त शाखेच्या तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांत पाहिले होते.

संशय सरळ कीबोर्डवर गेला. तो पालथा करून ठोकला, तेव्हा चिवड्यातले दोन शेंगदाणे आणि बरीचशी शेव बाहेर पडली, परंतु प्रोग्राम सुधारला नाही. म्हणून पार्ल्याहून लोकलने ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवरून साडेचारशे रुपयांचा नवा कीबोर्ड आणला. दुकानदाराने त्याची एकूणएक कळ दाबून दाखवली आणि 'साहेब, एंटर बघा कसा वाजतो' असे अभिमानाने सांगितले. घरी येऊन जोडला. एंटर खरोखरच वाजत होता आणि प्रोग्राम पूर्वीसारखाच बंद पडत होता.

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या भाचीने पाच मिनिटे पडदा पाहिला आणि म्हणाली, "मामा, कीबोर्ड दोन्ही चांगले आहेत. ते चौथे उत्तर प्रोग्रामने घेतलंय. काय घेतलंय त्याचा आकडा छापून बघा." छापला. पडद्यावर १० आला. दहा हा एंटरचा, म्हणजे नव्या ओळीच्या चिन्हाचा क्रमांक आहे, हे त्या दिवशी कळले.

प्रकार असा, की आपण पाच टाइप करून एंटर दाबतो तेव्हा पाच आणि एंटर हे दोघेही आत येऊन बाकावर बसतात. स्कॅनएफ ही टाइप केलेले वाचून घेणारी आज्ञा टक्का-डी, म्हणजे 'आकडा हवा' ही खूण, लावून आकड्याला खिडकीवर बोलावते. आकडा उठतो, एंटर बसून राहतो. पुढची हाकही आकड्यालाच असेल, तर टक्का-डी वाटेतल्या एंटर, रिकामी जागा अशा मोकळ्या मंडळींना ओलांडून पुढे जाते, म्हणून पहिले तीन प्रश्न सुरळीत पार पडले. वाय-एनसाठी लावलेली टक्का-सी मात्र 'कोणीही एक अक्षर या' अशी हाक मारते, आणि तासभर ताटकळल्यासारखा तो एंटर झटकन उठून उभा राहतो. तो वाय नाही, म्हणून प्रोग्राम समाप्त. यात एंटरचा काय अपराध? टोकन त्याच्याकडेही होतेच.

उपाय म्हणून भाचीने टक्का-सीच्या आधी अवतरणचिन्हाच्या आत एक रिकामी जागा सोडली, की मग स्कॅनएफ आधी असे सगळे मोकळे लोक बाजूला सारते. मुंबईत रिकामी जागा फुकट मिळाल्याचा आणि तिने कोणाचे काम झाल्याचा माझ्या आयुष्यातला हा एकमेव प्रसंग.

हुरूप येऊन मी खातेदाराचे नाव आणि वय विचारण्याची सोय केली, कारण ज्येष्ठ नागरिकाला अर्धा टक्का जादा द्यायचा होता. नावासाठी शब्द मागणारे टक्का-एस वापरले आणि मराठी माणसाच्या रीतीने स्वतःचे, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तिन्ही, लहान रोमन अक्षरांत भरले. टक्का-एस पहिल्या मोकळ्या जागेशी थांबते, हे ठाऊक नव्हते. वडिलांचे नाव वयाच्या खिडकीवर जाऊन उभे राहिले, तिथे आकडाच हवा असल्याने त्यांना कोणी घेईना, आणि वयाच्या रकान्यात आधीपासून पडलेला कचरा, ३२७६७, तसाच राहिला. अर्धा टक्का जादा लगेच मंजूर झाला. मुद्दल, दर, मुदत हे प्रश्नही न थांबता निघून गेले, कारण वडील बाकावरून हललेच नव्हते. शेवटी टक्का-सी आली आणि यशवंत या नावातला पहिला वाय 'हो' समजून घेऊन गेली. दुसरी फेरी सुरू झाली आणि पडद्यावर उमटले : नमस्कार, अशवंत.

स्कॅनएफ किती नोंदी यशस्वी झाल्या तो आकडा परत देते आणि तो तपासायचा असतो, हे भाचीने यावेळी जरा चढ्या आवाजात सांगितले. रोखपालाने मोजून न घेणे याची मलाही लाज वाटली. एका जुन्या सहकाऱ्याने सुचवलेला एफफ्लश या आज्ञेने बाक झाडून काढण्याचा उपाय तिने हाणून पाडला, कारण भाषेच्या प्रमाणग्रंथात एफफ्लश फक्त बाहेर जाणाऱ्या प्रवाहासाठी आहे. गेट्स नावाचे ओळ वाचण्याचे साधन तर जागा किती आहे हे न पाहताच माणसे आत कोंबत असे, म्हणून २०११ च्या प्रमाणातून त्याची हकालपट्टीच झाली. उरले एफगेट्स, जे जागा मोजून अख्खी ओळ घेते.

ते लावले. तिन्ही नावे भरली, लॅमिंग्टन रोडचा एंटर खणखणीत दाबला. पडद्यावर 'नमस्कार' आणि माझे संपूर्ण नाव, वडिलांसकट, एका ओळीत आले. त्याला लागून मी घातलेले उद्गारचिन्ह मात्र खालच्या ओळीत एकटेच उभे होते.

"एफगेट्स एंटरलाही सोबत आणतं, मामा," भाची म्हणाली.