चित्रांमुळे मूल परावलंबी होतं का? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

काका, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ऑटिस्टिक (स्वमग्न) मुलांना रोजची कामं क्रमाने दाखवणारा चित्रांचा तक्ता भिंतीवर लावून आम्ही त्यांना परावलंबी करतोय, चित्रांची सवय लागली की मूल बोलणारच नाही, आणि आयुष्य काही तक्त्याप्रमाणे चालत नाही, असं तुमचं म्हणणं. शिवाय तुमच्या नातवाने सगळी चित्रं ओरबाडून काढली. काळजीपोटी लिहिलंय हे कळतंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी परावलंबी होण्याचं. चित्रं नव्हती तेव्हा दात घासताना मी बाजूला उभी राहून ब्रश घे, पेस्ट लाव, आता खालचे घास, चूळ भर असं एकसारखं बोलत असायचे, आणि मी गप्प झाले की माझा मुलगा ब्रश तोंडात धरून तसाच उभा, नळ वाहतोय, फेस हनुवटीवर आलाय आणि हा माझ्या तोंडाकडे बघतोय. म्हणजे तो माझ्या आवाजावर अवलंबून होताच की! आणि तोंडी मदत कमी करणं महाकठीण, आपल्या नकळत तोंडून निघून जातं. मग आरशाशेजारी पाच फोटो लावले, मी मागे उभी राहून न बोलता त्याचा हात पुढच्या फोटोकडे न्यायचे, हळूहळू तेही सोडलं. आता मी बाथरूमच्या बाहेर असते. फोटो अजून तिथेच आहेत, राहू देत, आपणही मोबाईलमध्ये रिमाइंडर लावतोच ना.

बोललेलं हवेत विरून जातं, चित्र मात्र समोर थांबतं. बऱ्याच ऑटिस्टिक मुलांना ऐकलेलं समजून घ्यायला वेळ लागतो आणि तेवढ्यात आपण दुसरी सूचना देऊन मोकळे झालेलो असतो. मानसशास्त्रज्ञ एरिक शॉपलर यांची ऑटिस्टिक मुलांना शिकवण्याची 'टीच' (TEACCH) पद्धत, जी १९७२ पासून अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यभर राबवली गेली, ती यावरच उभी आहे, काय करायचं, किती करायचं, कधी संपणार हे मुलाला डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

बोलणं थांबतं ही भीती मलाही होती. पण चित्रं, खुणा वगैरे वापरणाऱ्यांवरच्या अभ्यासांचा २००६ साली एकत्र आढावा घेतला गेला, त्यात भरवशाची माहिती असलेल्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं, बहुतेकांचं थोडंफार वाढलंच होतं.

तक्त्याबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे, आणि तिथे मी चुकले होते. रोज तोच क्रम ठेवला आणि एक दिवस थेरपी रद्द झाली तर तासभर रडला. सवय क्रमाची लागली होती, लागायला हवी होती तक्ता बघायची. तेव्हापासून एक 'बदल' कार्ड ठेवलं, सुरुवातीला फक्त त्याला आवडणाऱ्या बदलांसाठी, अभ्यासाच्या जागी झोका असं. नंतर नावडते बदलही त्याच कार्डाने सांगता यायला लागले. अजूनही कधी रडतो, पण काय होणार ते कळल्यावर लवकर सावरतो.

आता नातवाचं. चित्रं ओरबाडणं हेही सांगणंच आहे. कदाचित त्याला रेघांची चित्रं अजून कळत नसतील, मग सरळ वस्तू वापरा, आंघोळीला जायच्या आधी हातात टॉवेल द्या, बाहेर जाताना चप्पल. किंवा तक्त्यावर सगळी आपण सांगितलेलीच कामं असतील, त्याच्या आवडीचं एकही नसेल. दोनच कार्डांनी सुरू करा, 'आधी' आणि 'मग', आणि 'मग'मध्ये त्याला खरंच हवं असलेलं काहीतरी ठेवा, आणि ते लगेच द्या, नाहीतर त्याचा विश्वास उडतो. 'नको' म्हणायचंही एक कार्ड त्याच्या हाताला येईल असं ठेवा.

आणि एक आठवून सांगाल का, त्याने सगळ्यात आधी कुठलं चित्र ओढलं होतं?